उत्तर तयार ठेव, आलोच

पूछताछ सरांकडे काही विचारायला गेलेला माणूस ते विचारून परत आलाय, असं मी कधी पाहिलं नाही. गेलेला असायचा सुट्टी मागायला. परत यायचा तो आपल्या गावी कैरीचं लोणचं कुठल्या तेलात घालतात, मामाच्या दुकानाचं शटर कोण उघडतं आणि आजोबांनी दुसरं लग्न का केलं, हे सगळं सांगून. सुट्टीचं राहूनच जायचं. सरांचं खरं आडनाव वैरागडे. पण आमच्या आधीच्या कुठल्याशा बॅचनं त्यांना स्टेशनावरच्या चौकशीच्या खिडकीचं नाव दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. फरक एवढाच, की स्टेशनावर आपण विचारतो आणि आतला माणूस वैतागतो. इथं आतला माणूस विचारायचा आणि वैतागायची पाळी आपली. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणे ते रागावले नाहीत. "कोणाला सुचलं? त्याचे वडील रेल्वेत आहेत का?" एवढंच विचारलं.

मी भोपाळात किरणोपचाराच्या डिग्रीला गेले ती काही हौसेनं नव्हे. मला डॉक्टर व्हायचं होतं आणि प्रवेशपरीक्षेत मार्क कमी पडले. बाबा सरकारी कचेरीत, राहायला आम्ही तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये. "वर्ष घरी बसून काढण्यापेक्षा हे कर, परीक्षा पुन्हा देता येईल," असं बाबांचं म्हणणं. म्हणजे मी कॉलेजात होते, पण एक पाय दाराबाहेर ठेवून. त्यात शेजारच्या पाठककाकू. आमच्याकडे या उपचाराला पेशंट सरळ 'सिकाई' म्हणतात. ते ऐकून काकूंनी आईला जिन्यात गाठून विचारलं, "शेक द्यायचा म्हणजे? गरम पाण्याच्या पिशवीनं? त्याला डिग्री कशाला लागते हो?" आईनं घरात येऊन मला विचारलं आणि मलाही धड सांगता आलं नाही.

आमच्या मशीनच्या खोलीचं दार बँकेच्या तिजोरीला शोभेल असं जाड. किरण सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी बाहेर यायचं, दार लावायचं आणि आत फक्त पेशंट. आपण बाहेर पडद्यावर त्याला बघत बसायचं. त्याला ती किरणं औषध म्हणून, ठरवून दिलेली. आपण रोज, दिवसभर तिथंच, म्हणून आपण बाहेर. या खोलीतून सगळ्यात शेवटी बाहेर पडणारा माणूस नेहमी सर. बाकीचे निघाले की ते वाकून पेशंटच्या कानाशी काहीतरी बोलत आणि मग लगबगीनं बाहेर येत. काय बोलतात, यावर आमच्यात पहिल्या आठवड्यात जोरदार चर्चा. कोणी म्हणे हनुमान चालीसा, कोणी म्हणे गुरुमंत्र. विदिशाहून आलेल्या एका मुलाचं म्हणणं होतं, की सर फक्त 'हिलना मत' म्हणतात आणि आपण उगाच भाव देतो. मला मात्र ते कळल्याशिवाय चैन पडेना, कारण दार उघडलं की पेशंट घाईघाईनं सरांना काहीतरी सांगायला लागायचा आणि सर मान डोलावत ऐकायचे.

ते कळलं माझ्यावरच पाळी आली तेव्हा. डोक्याच्या किंवा गळ्याच्या पेशंटला रोज तसूभरही इकडेतिकडे न होता झोपवायचं, तर त्याच्या चेहऱ्याचा जाळीदार मास्क बनवतात. प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात बुडवला की पापडाच्या लाटीसारखा मऊ होतो. तो चेहऱ्यावर ताणून बसवायचा आणि गार होऊन कडक होईपर्यंत थांबायचं. मग तो मास्क टेबलाला कुलुपांसारख्या खटक्यांनी अडकवायचा. सरांचा रिवाज असा, की हे शिकायला आलेल्या प्रत्येकानं आधी स्वतःचा मास्क करून घ्यायचा आणि बंद दाराआड झोपायचं. मशीन अर्थातच बंद. "दुसऱ्याला झोपवायचं तर आधी स्वतः झोपून बघावं ना बापा," असं म्हणत. त्यांचा स्वतःचाही मास्क फळीवर होता, कुठल्याशा बॅचनं हात बसावा म्हणून केलेला. त्यातलं नाक एवढं भक्कम, की जाळी तिथं ताणून ताणून विरळ झाली होती.

मी झोपले. खटके लागले. पापण्या हलतात, बाकी काही नाही. आवंढा गिळला की हनुवटी जाळीला लागते. सगळे गेले. मग कानाशी सरांचा आवाज आला, "रेवा, तू काय शिकून राहिली ते तुझ्या शेजारणीला एका वाक्यात काय सांगशील? उत्तर तयार ठेव, आलोच." आणि दार लागलं.

घाबरायचं मी ठरवूनच गेले होते, पण जमलं नाही. पूर्ण वेळ मी मनातल्या मनात पाठककाकूंशी भांडत होते. दार उघडलं तेव्हा वाटलं, इतक्यात? खटके निघाले तशी मी उठून बसले आणि म्हणाले, "कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणं." सर म्हणाले, "हे तर बाहेर पाटीवर लिहिलंय. पाटीला कोणी शिकवायला घेत नाही. उत्तर राहिलं तुझ्याकडं."

तर हा तो मंत्र. प्रत्येकाला एक प्रश्न आणि पाठोपाठ, "जवाब तैयार रखना, मैं आया." सरांच्या वडिलांची पिढी मध्य प्रदेशाची राजधानी बदलली तेव्हा कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेली. घरातली शिस्त जुनी: बाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. "आपण पेशंटला काय म्हणतो? आम्ही बाहेर जातो, तुम्ही हलू नका. अरे, जातो काय? त्याच्या कानात 'जातो' शिरलं की तो दाराकडंच कान लावून पडतो. प्रश्न दिला की त्याला माहीत असते, कोणीतरी उत्तर ऐकायला यायचंय. ज्याला उत्तर ऐकायचंय तो येतोच." हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मी विचारलं होतं.

पण खरं सांगायचं तर हा नुसता उपाय नव्हता. माणूस मुळातच चौकस. उत्तर मिळालं की सर ते विसरत नसत. हबीबगंज स्टेशनाच्या बाहेर पोहे विकणाऱ्याकडून बडीशेप कधी टाकायची ते त्यांना कळलं होतं, तलावातल्या एका मासेमाराकडून कुठल्या वाऱ्याला जाळं टाकू नये ते. एका शिक्षिकेला त्यांनी विचारलं, वर्गातला सगळ्यात खोडकर मुलगा आता काय करतो. दुसऱ्या दिवशी ती बाई तपास करून आली होती, तो पोलिसात होता. या ज्ञानाचा सरांना काडीचाही उपयोग नव्हता. सरांच्या घरच्या काकू म्हणायच्या, "घरात तेल संपलं ते यांना ठाऊक नसतं, तलावातल्या माशांचं सगळं ठाऊक." सरांनी त्यावर लगेच विचारलं असेल, तेल कधी संपलं?

पहिल्या वर्षानंतर मी पुन्हा प्रवेशपरीक्षा दिली आणि प्रवेश पुन्हा थोडक्यात हुकला. बाबा म्हणाले, "आता शेवटचा प्रयत्न. पण मग कॉलेज सोड आणि घरी बसून मन लावून अभ्यास कर. दोन दगडांवर पाय नको. दिवाळीपर्यंत काय ते सांग." मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसले ती राहावं की सोडावं हे डोक्यात घेऊनच. सरांना मी काही बोलले नव्हते, पण मशीनवर माझं लक्ष नाही हे त्यांना दिसत असणार. एकदा चहा पिताना म्हणाले, "तू गाडीची वाट बघत फलाटावर बसल्यासारखी बसते इथं. कुठली गाडी आहे?" मी हसून टाळलं.

त्याच सुमारास शफीक चाचा आले. गोविंदपुऱ्यात एका लहान कारखान्यात खरादी, म्हणजे लेथवर लोखंड तासणारे. गळ्याचा कॅन्सर, आवाज आधीच घोगरा. आणि नेमके सर तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे रजेवर. चाचांना मास्क घातला, खटके लागले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी टेबल बडवायला सुरुवात केली. काढला तर उठून चप्पल घालायला लागले. मी म्हणाले, "चाचा, डरो मत." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बिटिया, मूँ पे जाली कस के तुम लोग सब बाहर भाग रिये हो, और मेरेको के रिये हो डरो मत?"

चाचा निघून गेले. डॉक्टरांनी समजावून दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर त्यांना परत आणलं, पण आज जमलं नाही तर हा माणूस पुन्हा येणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. ड्यूटीवरच्या मॅडम मला म्हणाल्या, "तू सर की चेली है ना? पूछ कुछ." आता सरांचं बघून मला वाटत होतं, त्यात काय, विचारायचं काहीतरी. मी वाकले आणि विचारलं, "चाचा, खराद पे डंडी ज़रा भी टेढ़ी चल रही हो तो कैसे पता चलता है? जवाब तैयार रखना, मैं आई." जाळीच्या आत त्यांचे डोळे थांबले. मी बाहेर आले, दार लागलं, मशीन सुरू झालं. चाचा शांत. मी खूश. आणि मग पडद्यावर त्यांचा उजवा हात हळूच वर आला, अंगठा आणि दोन बोटं जुळली आणि हवेत न दिसणारा दांडा फिरवायला लागली. पाठोपाठ खांदा वळला.

मशीन बंद. सगळे आत. पुन्हा झोपवलं, पुन्हा खुणा जुळवल्या, पुन्हा बाहेर. पुन्हा हात वर. मॅडमचा पारा चढला, बाहेर बाकीचे पेशंट खोळंबलेले, आणि मला वाटलं, संपलं, हा माणूस आपण घालवला. शेवटी मॅडमनी चाचांचे दोन्ही हात पट्ट्यानं अंगाशी धरून ती बैठक कशीबशी पुरी केली. मास्क काढला तर चाचा चिडलेले होते खरे, पण भलत्याच गोष्टीवर. "बता तो रिया था! बीच में काहे को रोक रिये थे?" भीतीचा पत्ताही नव्हता.

मी सरांना फोन केला. डोळ्याला पट्टी बांधून पडलेला तो माणूस एवढा हसला, की मागून काकू ओरडल्याचं मला ऐकू आलं. म्हणाले, "अगं, कारागिराला 'कसं' विचारते का कोणी? 'कसं' हे त्याच्या डोक्यात नसते, हातात असते. 'कोण' विचार, 'कुठं' विचार, 'का' विचार. 'कसं' ठेवायचं बाहेर आल्यावर, चहासोबत." मग थोडं थांबून म्हणाले, "पण मग काय सांगितलं त्यांनी? कसं कळतं?" ते विचारायचं मी विसरलेच होते. सर खरोखर नाराज झाले.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना विचारलं, काम कोणाकडून शिकलात. सबंध वेळ चाचा हलले नाहीत. दार उघडल्यावर मास्क काढला तर डोळे ओले. उस्तादाचं नाव कित्येक वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं म्हणाले. आणि दांडा वाकडा फिरत असला की आवाज बदलतो, बघावं लागत नाही, हेही सांगितलं. ते मी लगेच सरांना कळवलं.

सर काळा चष्मा लावून रुजू झाले तेव्हा चाचांच्या उपचाराचा कठीण भाग सुरू झाला होता. किरणांनी गळा आतून सोलवटतो, पाणी गिळणंही नको होतं, आणि आवाज पार बसतो. पुष्कळजण इथंच कंटाळून येणं सोडतात आणि केलेलं सगळं वाया जातं. एके दिवशी सरांनी त्यांना विचारलं, उस्तादानं पहिल्यांदा तुमच्याकडून काय बनवून घेतलं? दार उघडलं तेव्हा चाचांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटलाच नाही. हातानं काहीतरी दाखवलं, आम्हाला कळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि भिंतीला धरत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चाचा आले नाहीत. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, अब्बा सकाळीच घरातून निघाले, दवाखान्यातच आले असतील. सर दिवसभर दाराकडे बघत होते. एकाही पेशंटला त्यांनी त्या दिवशी धड प्रश्न विचारला नाही. मला म्हणाले, "मी बोलायला लावलं ना त्याला. ज्याच्याकडं आवाज नाही त्याला बोलायचा प्रश्न दिला. मूर्ख आहे मी." सरांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याच्या पुढच्या दिवशी चाचा आले, नेहमीच्या वेळी, वाळून काठी झालेले. खिशात हात घालून त्यांनी सरांच्या तळहातावर एक पितळी भोवरा ठेवला. नवा, चकचकीत. बोलता येत नाही म्हणून उत्तर बनवून आणलं होतं. आदला सबंध दिवस ते कारखान्यात खरादावर उभे होते, मधूनमधून बसत, पुन्हा उठत. सरांनी तिथंच, पेशंटच्या रांगेसमोर, फरशीवर भोवरा फिरवला. तो इतका वेळ फिरला की खुर्च्यांवरचे लोक उठून बघायला आले. त्यात राउंडला आलेले मोठे डॉक्टरही होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी सरांना चांगलंच झापलं. "आपके सवाल के चक्कर में इनका एक दिन चला गया, वैरागडे जी!" सर खाली मान घालून "हाँ सर, गलती हो गई" म्हणत होते आणि मुठीत भोवरा घट्ट धरून होते. चुकलेला दिवस शेवटी जोडला गेला. चाचांनी उपचार पुरे केले.

दिवाळीच्या आधी मी बाबांना सांगितलं, मी परीक्षेला बसणार नाही, हेच पुरं करणार. बाबा म्हणाले, "तुझं तू बघ. पण लोकांना सांगायचं काय? पोरगी शेक देते म्हणून?" मी म्हणाले, "सांगा, माणसाला आत एकटं ठेवून बाहेर यायचं, आणि बाहेरून त्याच्यावर नजर ठेवून परत आत जायचं, असं काम करते. परत जायचं, हे महत्त्वाचं." बाबांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. पण बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं, की सरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर हेच.

ते सांगायचं राहत गेलं. कधी पेशंट असायचे, कधी सर स्वतःच दुसऱ्या कोणाच्या लोणच्यात गुंतलेले. मी शेवटच्या वर्षाला गेले आणि सर निवृत्त झाले. मुलाकडे, नागपूरला निघाले. स्टेशनाचं नाव बदलून किती दिवस झाले, तरी आम्ही हबीबगंजच म्हणतो. तिथं आम्ही चारपाच जणी पोचवायला गेलो. काकू आत सामान लावत होत्या आणि सर डब्याच्या दारात उभं राहून शेजारच्या प्रवाशाला विचारत होते, तो इटारसीला उतरून पुढं कसा जाणार. मी म्हणाले, "सर, माझा मास्क केला त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं ना, त्याचं उत्तर सापडलंय."

"आत्ता नको," सर म्हणाले. "गाडी सुटून राहिली, अर्धं ऐकू येईल. पेन्शनच्या कामाला यायचंच आहे मला. तयार ठेव, आलोच."

हिवाळ्यात काकूंचा फोन आला. सर सकाळी फिरायला गेले होते, संत्रीवाल्याशी बोलत उभे होते, तिथंच खाली बसले. छातीत कळ आली आणि संपलं. मला आधी रडू आलं नाही, राग आला. या माणसाला मी हजार वेळा 'आलोच' म्हणताना ऐकलं होतं आणि एकदाही ते खोटं ठरलेलं पाहिलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "भोवरा त्यांच्या टेबलावरच आहे गं. नातू मागतो, मी देत नाही." रडू मग आलं. आजही सांगायचं उत्तर माझ्याजवळ तसंच पडून आहे.

मी आता त्याच मशीनवर आहे. शफीक चाचा तपासणीला येतात तेव्हा न चुकता आमच्याकडे डोकावतात. आवाज परत आलाय, आहे तसाच घोगरा. सरांचं सांगितलं तेव्हा ते त्या फळीकडे बघत राहिले. सरांचा मास्क तिथं अजून आहे. जुनं प्लास्टिक टाकून द्या म्हणून मध्यंतरी निरोप आला होता, मी तो ऐकलाच नाही असं दाखवलं.

परवा नवी बॅच आली. रिवाज मी चालू ठेवलाय. पहिली मुलगी सीहोरची, माझ्यासारखीच तोंड पाडून आलेली. तिलाही दुसरीकडे कुठंतरी जायचं असणार. मास्क घालायच्या आधी ती टेबलावर बसून इकडेतिकडे बघत होती. तिची नजर फळीवर गेली आणि तिथंच थांबली.

"मॅडम, ये इतनी बड़ी नाक किसकी है?"

मी तिला झोपवलं, जाळी नीट बसवली, एकेक खटका लावला. बाकीच्या मुली बाहेर गेल्या. मी तिच्या कानाशी वाकले. विचारायला माझ्याकडेही प्रश्न तयार होता, पण आज तिनंच आधी विचारला होता.

"बताती हूँ," मी म्हणाले. "मैं आई." आणि बाहेर येऊन दार लावलं.